किती झालं?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पुण्यातल्या होस्टेलवर रूममेटनं विचारलं, "तुझे वडील काय करतात?" मी सवयीनं म्हणाले, "फाईव्ह स्टारला आहेत." तिनं डोळे मोठे केले. "वॉव! शेफ?"

आमच्याकडं असं कुणाला वाटत नाही. हुपरी, यळगूड, कागल या पट्ट्यात 'फाईव्ह स्टारला आहे' याचा अर्थ एकच: कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी. सरकारनं बुटीबोरी, शेंद्रा, नांदगाव पेठ अशा वसाहती काढल्या तेव्हा त्यांना 'पंचतारांकित' हे विशेषण लावलं. चांगले रस्ते, पाणी, वीज, मोठे प्लॉट, एवढंच त्यातलं पंचतारांकित. पण लोकांनी 'एमआयडीसी' गाळून टाकलं आणि फाईव्ह स्टार तेवढं ठेवलं. त्यामुळं आमच्या गल्लीतली निम्मी माणसं सकाळी सहाला डबा घेऊन फाईव्ह स्टारला जातात आणि दुपारी चारला घरी येऊन झोपतात.

पप्पा एकोणीस वर्षं गेले. त्याआधी इचलकरंजीत यंत्रमागावर होते. तिथं मागाच्या खडखडाटात एका कानानं कमी ऐकू यायला लागलं. मग २००० नंतरच्या दशकात फाईव्ह स्टारमध्ये कापडाच्या मोठ्या गिरण्या आल्या. रेमंडनं इटलीच्या झांबाइती समूहाबरोबर भागीदारीत शर्टिंगची गिरणी काढली, तुर्कस्तानची सोक्तास आली, इंडो काउंटच्या चादरी इथून परदेशात जायला लागल्या. पप्पा अशाच एका गिरणीत लागले. इचलकरंजीत वीस-तीस काउंटचं सूत हाताळलेला माणूस शंभर-एकशे चाळीस काउंटवर गेला. काउंट म्हणजे सुताची बारीकी. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. एकशे चाळीस काउंटचं एक किलो सूत उलगडलं तर साधारण दोनशे सदतीस किलोमीटर भरतं. म्हणजे कोल्हापुरातून टोक धरून चालायला लागलं तर पुण्यात पोचेपर्यंत संपायचं नाही. हा हिशोब पप्पांनीच मला नववीत असताना घालून दाखवला होता.

तर, पप्पा रिटायर झाले. मी पुण्यात बऱ्या पगारावर आहे, भाऊ शिकतोय. डिसेंबरमध्ये मी सगळ्यांना गोव्याला घेऊन गेले. आणि परतायच्या दिवशी दुपारी, इन्स्टावर सेव्ह करून ठेवलेल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेलं.

जुनं पोर्तुगीज घर होतं. ओसरीवर टेबलं, मागं फणसाचं झाड, गाणी इतकी हळू की पप्पांना लागलीत हेच कळलं नाही. मेनू नव्हता. टेबलावर लाकडाचा ठोकळा, त्यावर क्यूआर कोड. मी स्कॅन केला, फोन माझ्याच हातात ठेवला आणि वाचून दाखवायला लागले. नावं वाचली. किमती वाचल्या नाहीत. हे मी ठरवून केलं का? त्या क्षणी नाही. पण फोन आईकडं द्यायची वेळ आली तेव्हा मी "थांब, मीच सांगते" म्हणाले, हे मला स्पष्ट आठवतंय.

पप्पा मांडीवरचा नॅपकिन अंगठा आणि बोटात धरून चोळत होते. "वीसचं सूत. जाड हाय, पर पाणी चांगलं पीत असणार." त्या सगळ्या ओसरीत त्यांना ओळखीचं असं तेवढंच होतं. पिझ्झा त्यांना माहीत होता, तो भावानं घेतला. त्यांच्यासाठी मी रिसोतो मागवला. भात आहे, आवडेल म्हटलं. पहिल्या घासाला ते म्हणाले, "कच्चा हाय गं." वेटर तरुण होता, भला होता. त्यानं हिंदीत समजावलं की इटलीत तो असाच, दाताला लागेल इतपत ठेवतात. पप्पांनी मान डोलावली आणि आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखं अंग चोरून खायला लागले.

आईला मी पोलेंता सांगितलं होतं. वेटर म्हणाला, ही उत्तर इटलीतल्या बेर्गामोची खास डिश. पप्पांनी मान वर केली. "बेर्गामो? आमचा माग तिथलाच की!" आणि त्यांनी त्या पोराला सांगायला सुरुवात केली. मागावरच्या प्लेटवर ते नाव होतं, ते रोज पुसायचे, मशीन लावायला आलेला इटलीचा माणूस हातवारे करून शिकवायचा, आणि पप्पा त्याला 'बास, कळलं' म्हणायला शिकवून बसले होते. (बेर्गामो भागात खरंच मागाचे कारखाने आहेत, कापडाच्या गिरण्याही होत्या. मी नंतर बघितलं.) ती पाच मिनिटं पप्पा त्या टेबलाचे यजमान होते.

पोलेंता म्हणजे मक्याचा रवा पाण्यात शिजवून घोटलेला. वर मशरूम आणि चीज. आईनं चमचा तोंडात घातला, थांबली आणि हसली. "अगं, ही सुकडी!"

आईचं माहेर आटपाडी तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात ती आठ वर्षांची होती. आजी खडी फोडायला जायची, ही पाठीमागं. कामावर मिळायची ती सुकडी, आणि बाहेरून आलेला लाल मिलो. आई हे कधी रडत सांगत नाही. आत्तासुद्धा तिला गंमत वाटली की सुकडीसाठी एवढ्या लांब गोव्याला आलो.

तिला माहीत नव्हतं, पण तिची जीभ बरोबर जागी पोचली होती. मका अमेरिकेतून युरोपात आला आणि उत्तर इटलीतल्या शेतमजुरांच्या ताटात दुसरं काही उरलंच नाही. वर्षानुवर्षं नुसतं पोलेंता. त्यातून एक रोग पसरला: कातडी सोलायची, जुलाब व्हायचे, डोकं भ्रमायचं. मिलानच्या फ्रापोली नावाच्या डॉक्टरनं १७७१ साली त्याला नाव दिलं, पेलाग्रा. म्हणजे खरखरीत कातडी. मक्यातलं नायसिन अंगाला लागत नाही म्हणून हे होतं, हे कळायला पुढं दीडशेहून जास्त वर्षं गेली. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवायच्या, त्यांना हा त्रास नव्हता. मका बोटीनं आला, चुना तिकडंच राहिला. आणि आपल्या दख्खनमध्ये, नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही हाच रोग हैदराबादच्या पोषणसंशोधकांना १९६० च्या सुमारास दिसला होता. असं हे अन्न आमच्यासमोर नऊशे पन्नास रुपयांना ठेवलेलं होतं. तो आकडा चौघांत मला एकटीला ठाऊक होता.

आईला अर्धं झाल्यावर जड व्हायला लागलं. "टाकू काय गं?" तिनं विचारलं. आमच्या घरात ताटात टाकत नाहीत. मी म्हणाले, "राहू दे. एवढं काय महाग नाही."

बिल चामड्याच्या पाकिटात आलं. नऊ हजार चारशे साठ. पप्पांनी विचारलं, "किती झालं?"

मी पाकीट उलटं ठेवलं, कार्ड टेकवलं आणि म्हणाले, "अडीच हजार."

"एवढं!" पप्पा म्हणाले.

*

या जेवणावर निबंध लिहायचा तर पहिला प्रश्न आपोआप सुचतो: एका जेवणावर साडेनऊ हजार घालवणं बरोबर आहे का? याचं सगळ्यात कडक उत्तर पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं दिलेलं आहे. बांगलादेशातल्या भुकेवर त्यानं लिहिलेला लेख १९७२ सालीच छापून आला, आई खडीच्या ढिगाशेजारी सुकडी खात होती त्याच वर्षी. तो म्हणतो, उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं तर कपडे चिखलानं खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग लांबचं मूल मरत असताना चैनीवर खर्च करणं वेगळं कसं? या युक्तिवादाला मला आजवर धड उत्तर सापडलेलं नाही. ज्यांना सापडलंय असं वाटतं, त्यांचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्या सोयीचं असतं. पण खरं सांगायचं तर आंबोलीचा घाट चढताना मला टोचत होतं ते हे नव्हतं. खर्चाचं मी कधी ना कधी स्वतःला समजावलं असतं. पप्पांचं रिटायरमेंट एकदाच होतं वगैरे. टोचत होता तो 'अडीच हजार' हा शब्द.

तुम्हीही हे करता. माझ्या ओळखीत तरी न करणारं कुणी नाही. चार हजारांचे बूट घरी बाराशेचे होतात. आईच्या साडीचा टॅग दुकानातच कापला जातो आणि ती 'सेलमध्ये मिळालेली' असते. विमानाचं तिकीट 'ट्रेनच्या एसीपेक्षा थोडंसंच जास्त' असतं. आपल्या पिढीत पगार एका उडीत आई-बापाच्या पुढं गेला आणि त्या उडीचा आवाज त्यांना येऊ नये म्हणून आपण किमतींवर गोधडी टाकतो. याला आपण प्रेम म्हणतो. त्यात प्रेम आहेच.

कांटला विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात निकाल दिला असता. खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असेल तरी खोटं बोलू नका, असं १७९७ साली लिहिणारा माणूस तो. बिलाच्या पाकिटाची काय कथा. महाभारत जास्त शहाणं आहे. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्यच बोलायचं व्रत घेतलेला हा तपस्वी लुटारूंना माणसं कुठं लपलीत ते खरंखरं सांगतो, माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. म्हणजे खोटं बोलणं कधीकधी धर्म असतो. पण त्या गोष्टीत खोटं कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी आहे. मी काय वाचवत होते? पप्पांचा मूड. आणि थोडं प्रामाणिकपणे: माझा मूड. त्यांनी "उठा, चला" म्हटलं असतं तर माझा ठरवून ठेवलेला फोटो गेला असता.

नंतर वाचताना एक जुनी गोष्ट सापडली. युरोप-अमेरिकेतल्या महागड्या रेस्टॉरंटांत पूर्वी बाईच्या हातात वेगळा मेनू द्यायचे. पदार्थ तेच, फक्त किमती छापलेल्या नसायच्या. पैसे पुरुष देणार, बाईला आकड्यांचा त्रास कशाला, हा शिष्टाचार. १९८० साली लॉस एंजेलिस भागात एक बाई आपल्या धंद्यातल्या सहकाऱ्याला स्वतः जेवायला घेऊन गेली. पैसे तीच देणार होती, तरी बिनकिमतीचा मेनू तिच्याच हातात आला. त्या दोघांनी रेस्टॉरंटवर दावा ठोकला, आणि तिथली ती पद्धत बंद झाली. वाचताना मी त्या बाईच्या बाजूनं होते, अर्थातच. मग लक्षात आलं की गोव्यातल्या टेबलावर क्यूआर कोड माझ्या हातात होता आणि बाकी तिघांना मी बिनकिमतीचा मेनू वाचून दाखवला होता.

*

आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला हायवेला लागलो, मग निपाणी. कोगनोळीचा टोल, मग दूधगंगा. कागल आलं तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. पप्पा बऱ्याच वेळानं बोलले. "फाईव्ह स्टारच्या कोपऱ्यावर गाडी थांबव. च्या पिऊ."

अकराच्या शिफ्टची माणसं जमायला लागली होती. कानटोप्या, डबे, बाईकच्या टाकीवर ठेवलेले मोबाईल. टपरीवाल्यानं पप्पांना ओळखलं. "आलासा गोव्यासनं?" पप्पांनी चार चहा सांगितले आणि मी फोन काढायच्या आत चाळीस रुपये मोजून दिले.

कागलात चहा पिताना मला दर वेळी गंगाराम कांबळे आठवतात. दहावीत भाषणासाठी पाठ केलं होतं म्हणून असेल. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटग्यांचे. गंगाराम त्यांच्या पदरी नोकर. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं, 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. शाळेत मी हे 'समतेचं उदाहरण' म्हणून घडाघडा म्हणायचे. आता मला त्यातलं दुसरंच काही दिसतं. महाराजांना गंगारामला नुसता तनखा लावून देता आला असता. राजाला ते सोपं. त्यांनी त्याला दुकान दिलं आणि आपण गिऱ्हाईक झाले. तनख्यावरच्या माणसाला आपण किती घेतोय हे विचारायची सोय नसते. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात मात्र भाव दोघांनाही माहीत असतो. एका कप चहाचा भाव, उघड, दोघांच्या मध्ये. देणारा मोठा असला तरी घेणाऱ्याला त्यात उभं राहायला जागा मिळते.

पप्पांनी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "साडेनऊच्या आत-बाहेर झालं असंल. व्हय?"

मी भावाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, मी नाही सांगितलं.

"गुगलवर त्या हाटेलाचं फोटो हायत," पप्पा म्हणाले. "लोकांनी मेनूचं फोटो काढून टाकलेत. आंबोलीच्या खाली रेंज हुती तवा बघितलं." माणूस पन्नास किलोमीटरांहून जास्त हा आकडा मनात घेऊन गप्प बसला होता.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जेवलाच नसता."

"नसतो जेवलो कदाचित."

"उठून गेला असता."

"मग जायचं का बसायचं, हे माझ्याकडं हुतं की गं."

आवाज चढलेला नव्हता. उलट, मला आधी कधी न सांगितलेली गोष्ट सांगावी तसा होता. मला राग आला. खरं पकडलं गेलं की येतो तसा. आणि माझ्याजवळ एक जुना पत्ता होता, तो मी टाकला.

"आणि माझ्या इंटरव्ह्यूच्या शर्टाचं कापड?"

आमच्या घरात दर दिवाळीला शर्टाचं कापड यायचं ते फेंटचं. फेंट म्हणजे ठाण कापून उरलेले, कुठं डाग, कुठं धागा तुटलेला असे तुकडे. वजनावर स्वस्तात मिळतात. माझ्या कॅम्पस इंटरव्ह्यूच्या वेळी पप्पांनी पांढरं कापड आणलं आणि म्हणाले, फेंट आहे, नशिबानं चांगलं मिळालं. टेलरनं मापं घेताना कापडाच्या काठावरचं नाव वाचलं आणि मला म्हणाला, "बाळ, हे फेंट न्हवं. हे दुकानातलं हाय, मीटरला दीड हजाराच्या खाली मिळायचं न्हाई." मी पप्पांना कधी बोलले नव्हते. नऊ वर्षं.

पप्पा चहा हलवल्यासारखा ग्लास गोल फिरवत राहिले. "ते येगळं."

"कसं वेगळं?"

"तवा तू लहान हुतीस."

"एकवीस वर्षांची होते."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. रस्त्यापलीकडं कंपनीची बस येऊन थांबली, तिकडं बघत राहिले.

मला वाटतं, ते वेगळं होतं; पण त्यांनी सांगितलं त्या कारणानं नव्हे. त्यांनी मला न विचारता दिलं आणि मी 'किती' म्हणून विचारलं नाही. मला वाटलं असतं तर मी टेलरकडून घरी येऊन विचारू शकले असते. भेटवस्तूवरचा टॅग काढून ठेवण्यात मला अजूनही पाप दिसत नाही. पण पप्पांनी सरळ विचारलं होतं, 'किती झालं?' विचारणाऱ्या मोठ्या माणसाला चुकीचा आकडा देणं म्हणजे त्याच्या हातून निर्णय काढून घेणं. मग तो त्याच्याच भल्यासाठी असो. लहान मुलाला औषध गुळात घालून देतात तसं. आणि तरी, हे लिहितानाही मला पूर्ण खात्री नाही. त्यांनी स्वतः "फेंट आहे" असं तोंडानं सांगितलं होतंच. तेही खोटंच. ते खोटं मला अजून हवंसं वाटतं, आणि माझं त्यांना नको होतं. यातला किती भाग न्यायाचा आणि किती भाग आम्ही बाप-लेक कोणत्या बाजूला बसलोय याचा, हे मला सुटं करता येत नाही.

आई इतका वेळ गाडीच्या बॉनेटला टेकून चहा पीत होती. हुपरीतल्या बायका करतात तसं ती वीस वर्षं घरी बसून पैंजणांच्या कड्या जोडायची. त्या कामाचा दर पैशापैशानं वाढवून घ्यायला तिनं शेठजींशी घातलेला वाद मी दाराआडून ऐकलेला आहे. तिनं ग्लास खाली ठेवला.

"ते माझं मक्याचं एकट्याचं किती हुतं?"

या वेळी मी खरं सांगितलं. "नऊशे पन्नास."

आई काही बोलली नाही. गाडीत बसली, दार लावलं, काच खाली घेतली.

"मग मला सांगायचं न्हाईस व्हय," ती म्हणाली. "मी निम्मं टाकलो की."